डावी बाही

ओबनच्या धक्क्यावरून वर येणाऱ्या गल्लीत तिसरं दुकान माझं.
घंटा वाजली तेव्हा मी कुणाच्या तरी किल्टच्या चुण्या मोजत होते.
रुअरी आला, डिझेलच्या वासासकट,
मागोमाग त्याची म्यूरियल आत्या.
म्हणाला, एफी, एकवीस तारखेला लग्न आहे. कोट दाखव.

दाखवले.
प्रिन्स चार्ली : आखूड, रेशमी लेपल, मागे दोन शेपट्या,
गुंड्या नुसत्या शोभेच्या, पुढून उघडाच घालायचा.
शेरिफम्यूर : गळ्यापर्यंत बंद,
त्यात नवरा दिसत नाही, दिसतो लेसचा झुबका.
अर्गाइल : साधा, खिशांवर झडपा,
लग्नालाही चालतो आणि मयतालाही.

चार्ली घे, आत्या म्हणाली, गुंड्यांची कटकट नाही.
म्हणाली आणि लगेच खिडकीबाहेर बघायला लागली,
जणू बोट लागतेय.
बोट लागत नव्हती.

मी टेप काढली. छाती बेचाळीस.
बत्तीस वर्षं मापं घेतेय,
वहीत रकाने छापूनच घेतलेत : उजवी बाही, डावी बाही.
उजवी साडेचोवीस.
पुढच्या रकान्याशी पेन्सिल थांबली.

मार्चमधला तो विंच सगळ्या गावाला ठाऊक आहे,
कुठल्या बोटीवरचा, किती वाजता,
दोर कुणाकडून सुटला तेसुद्धा.
आम्ही त्यावर बोलत नाही.
आम्ही वाऱ्यावर बोलतो, मासळीच्या भावावर बोलतो.
आणि त्या सकाळी मला कळलं
आपल्या बोलण्यात किती हात असतात :
हातासरशी करून देते, म्हणणार होते,
हातचं राखून कापड घेते, म्हणणार होते.
दोनदा जीभ चावली.

मग धंद्याचं बोलले.
बाही दुमडून वर टाचता येते.
खांद्याशी कापून सपाट शिवता येते.
आत लोकर भरून टोकाला हातमोजाही लावता येतो,
माझ्या मास्तरांनी युद्धानंतर तशा अकरा शिवल्या होत्या.

हातमोज्याला अंगठी कोण घालणार, रुअरी म्हणाला,
आणि हसला तो एकटाच.

अर्गाइल दे. एकदाच पैसे घालवायचेत.
आणि बाही पूर्ण लांबीची ठेव.
टाचू नकोस. मनगटावर तिन्ही गुंड्या लाव,
उजवीला लावशील तशाच.

लोंबेल रे.

लोंबू दे. रात्री नाच आहे.
तो दोन रांगांचा नाच, तुला माहितीय, तूही नाचली आहेस :
उजव्या कोपरात बायको, तिच्याबरोबर एक गिरकी,
मग डाव्या कोपरात पुढची बाई, मग परत बायको,
मग त्याच्या पुढची, असं रांगेच्या तळापर्यंत.
म्हणजे इशबेलचं काही अडत नाही.
तिचा हात शाबूत आहे.
पण गावातल्या बाकी सगळ्या बाया डावीकडे येणार,
माझ्या सासूपासून पोस्टातल्या त्या उंच बाईपर्यंत.
त्यांनी काय धरायचं? हवा?

दुकानात शिलाई मशीनचा दिवा तेवढा घूं करत होता.
मी वहीत लिहिलं : डावी, साडेचोवीस.
आणि बाजूला, ओढ धरून.

अस्तर जाड घातलं, गर्द निळं.
बगलेची शिवण रेशमी दोऱ्याने केली आणि उसवली,
टिकली नसती.
मग खाली जाऊन अँगसकडून शिडाचा मेणदोरा आणला,
दामटून तीन फेऱ्या मारल्या. दोन सुया मोडल्या.
असली शिवण मी कोटाला कधी घातली नव्हती,
आतून बघाल तर लाज वाटेल.

एकोणीसला तो आला, कोट चढवला,
आरशात फार वेळ पाहिलं नाही.
म्यूरियलला म्हटलं, जरा ओढून बघ बाही.
तिने दोन बोटांनी, जशी गरम किटली धरावी.
अगं जोरात. पोस्टातली बाई ओढेल तशी.

तिने मूठ आवळली, पाय रोवले, ओढली.
रुअरी अर्धा वळला, तोल सावरून उभा राहिला.
टीप हलली नाही.

मी बिल लिहायला बसले.
वर पाहिलं तर बाही अजून तिच्या मुठीत होती.